दाजींचा डंपर

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, छत्तीस वर्षं एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंडाचा तुकडा फिरवायचा आणि बरोबर मापात सोलून काढायचा, हे त्यांचं जन्माचं काम. काम चोख होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या चोखपणाचा माज असा, की बाकी जगातले सगळे धंदे त्यांच्या लेखी पोरखेळ. मी सुतार. तीस वर्षं मी त्यांच्यासाठी 'लाकूडतोड्या' होतो. मी बसवलेल्या दारापाशी उभे राहायचे, फळी आणि चौकटीमधल्या फटीत नख घालायचे आणि चारचौघांत विचारायचे, "ही उंदरांच्या सोयीसाठी ठेवली आहेस का रे?"

पहिली काही वर्षं मी समजावून सांगत होतो. लाकूड हवेतली ओल पितं, फुगतं, जागा ठेवली नाही तर दार अडकतं. त्यावर ते म्हणायचे, "फट ही आळशी माणसाची सोय असते." मग मी सांगणं सोडलं. ज्याला ऐकायचं नाही त्याच्यापुढे घसा कशाला कोरडा करायचा?

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली मागची खोली बळकावली. ताईची शिलाई मशीन तिथे होती, ती बोळात आली. खोलीत एक छोटा लेथ आला, वस्तू घट्ट पकडायचा शेगडा आला, करवती आल्या आणि दारावर 'कामाशिवाय आत येऊ नये' अशी पाटी लागली. घरात माणसं दोन. पाटी कोणासाठी, हे सांगायला नकोच. सकाळी बरोबर आठला ते 'ड्युटीवर' जायचे. स्वयंपाकघरापासून खोली सतरा पावलांवर, तरी डबा भरून न्यायचे. ताई म्हणायची, "अहो, गरम वाढते, टेबलाशी या." हे आतून ओरडायचे, "सुट्टी साडेबाराला!" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळला नव्हता.

दोन वर्षांत त्या खोलीतून बाहेर काय आलं? स्टूल नाही, पाट नाही, साधं लाटणं नाही. हत्यारं ठेवायला फळ्या झाल्या. फळ्यांना खुंट्या झाल्या. कोणत्या खुंटीवर काय टांगायचं त्याची यादी झाली. मी रविवारी चहाला जायचो आणि यादी वाचून यायचो.

मग माझ्या भाचीचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा फोन आला. ती दूरच्या गावी राहते. बापलेकीचं भांडण कधी झालं नाही, पण बोलणं 'तब्येत कशी' आणि 'बरी आहे' याच्या पुढे जात नाही. पाच वर्षांची असताना तिने लाकडी गाडी मागितली होती. हे म्हणाले, "कारखान्यातला माल खेळण्यांसाठी नसतो." खरंच नसतो. पण दुसरीकडून चार पैशांचं लाकूड आणून गाडी करावी, हेही त्यांना सुचलं नाही. पोरगी मोठी झाली, तिला सगळं आठवतं.

फोनवर तिने सहज सांगितलं, की तिची लेक भिंगरी रस्त्याचं काम चाललं असेल तिथे डंपर बघत उभी राहते, ओढून आणावी लागते. दाजी म्हणाले, "मी करून देतो तिला डंपर." पलीकडून भाची हसली. "बाबा, तुम्ही? खेळणं?"

ते हसणं त्यांना झोंबलं. चार महिन्यांनी मायलेकी दोन दिवसांसाठी येणार होत्या. तोवर डंपर झाला पाहिजे आणि लेकीच्या डोळ्यांदेखत चालला पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. ताई मला म्हणाली, "त्यांना नातीपेक्षा लेकीला दाखवायचाय तो."

काम मात्र बघण्यासारखं होतं. हसण्यासारखंही. सहा चाकं, प्रत्येक चाक चार ठिकाणी मोजलेलं. मागचा हौदा बिजागरीच्या दांड्यावर उचलला जाणारा, त्याला लोंबती झडप. केबिनला उघडणारं दार. माझ्या अंगठ्याएवढ्या त्या दाराचे तीन नकाशे काढलेले. पहिल्याच रविवारी त्यांनी मला चाकांचा दांडा भोकात घालून दाखवला. तो इतका घट्ट आणि इतका गुळगुळीत गेला, की आतली हवा फुस्स करून बाहेर आली. दाजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

मी बघितलं आणि मला तिथल्या तिथे कळलं. लाकडाला लोखंडाचं माप लावलं होतं या गृहस्थांनी. कोरडे दिवस होते म्हणून चालत होतं. हवा दमट झाली की दांडा फुगणार आणि सहाच्या सहा चाकं ठप्प होणार. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला उंदीर आठवले आणि मी मूग गिळून बसलो. म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

शेवटी शेवटी तर कहर झाला. मी विचारलं, "रंग कोणता देणार?" दाजी म्हणाले, "रंग नाही. रंगाला जाडी असते." व्हर्निशलाही असते म्हणे. म्हणजे उघडं, कोरं लाकूड, ओल प्यायला तोंड वासून बसलेलं! मी चहाच्या कपात हसू लपवलं.

त्या दिवशी त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. डंपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू लाकडातला माणूस. नीट बघ. कुठे काही चुकतंय?"

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं. मी डंपर फिरवून फिरवून बघितला आणि म्हणालो, "छे, दाजी! तोड नाही."

ते खूश झाले. ताईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? तुझा भाऊ काय म्हणतोय बघ."

मायलेकी यायच्या आधी आठ दिवस हवा कुंद होती. ताईच्या डब्यातल्या मिठाला पाणी सुटलं. डंपर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. पास झालेल्या जॉबला, म्हणजे तयार वस्तूला, पुन्हा हात लावायचा नाही, हा कारखान्याचा नियम. त्या आल्या त्या दिवशी मी मुद्दाम काम बंद ठेवून गेलो होतो. तमाशा चुकवायचा नव्हता मला.

दाजींनी फडकं काढलं. भिंगरी किंचाळलीच. फरशीवर बसून तिने डंपर ढकलला आणि तो ड्रॉवरसारखा खरडत गेला. एकही चाक फिरलं नाही. तिने हौदा उचलून बघितला. हौदा जागचा हलेना.

"आजोबा, हा बंद पडलाय."

दाजी गुडघ्यांवर बसले. दोन्ही अंगठे लावून चाक फिरवायला लागले. चेहरा लालबुंद झाला. भाची घाईघाईने म्हणाली, "राहू दे बाबा. दिसतोय किती छान! शोकेसमध्ये ठेवू आपण." चांगल्या मनाने म्हणाली, पण त्यापेक्षा तिने पुन्हा हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ते डंपर घेऊन मागच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. त्यांनी दांड्याचं बाहेर आलेलं टोक मोजलं, पुन्हा मोजलं, भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं.

"पाव मिलिमीटर वाढलंय. लाकूड फुगलं."

"फुगणारच, दाजी," मी शहाणपणाने म्हणालो. "कोणत्याही सुताराला विचारा."

त्यांनी मान वर केली. "तुला विचारलं होतं मी."

मी भिंतीवरची खुंट्यांची यादी वाचायला लागलो.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच रविवारी."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर मलाही उलट ओरडता आलं असतं. शांतपणे म्हणाले, "माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. पंधरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. पण माझा जॉब बिघडतोय असं दिसलं, की तो येऊन माझ्या मशीनवर टकटक करायचा. बोलायचा नाही. टकटक करायचा आणि जायचा." मग त्यांनी डंपर माझ्यापुढे सरकवला. "कर नीट. तुझं काम आहे हे."

मी चाकं अडकवणाऱ्या खुंट्या काढल्या, चाकं उतरवली, दांडे ठोकून बाहेर काढले आणि गोल कानशीने भोकं मोकळी केली. पाऊण तास लागला. ते शेजारी उभे राहून प्रत्येक हत्यार हातात देत होते. मी मान वर केली नाही.

डंपर खडखडत बाहेर पळाला. भिंगरीने हौद्यात चमचे भरले, किल्ल्या भरल्या, स्वतःचे मोजे भरले आणि सगळं सोफ्याखाली ओतलं. भाचीचा चेहरा उजळला. ती वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा! तुम्ही दुरुस्त केलात?"

एक 'हो' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण दाजी चुकीचं माप सांगणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "मी नाही. तुझ्या मामाने केलं. त्याला सगळं माहीत होतं."

भाचीने येऊन माझा हात धरला. "मामा, तू होतास म्हणून! नाहीतर बाबांचं काही खरं नव्हतं."

दाजी मागच्या खोलीत गेले. ती माझा हात धरून हसत होती, आणि मीही तिच्याबरोबर हसलो.