पालथ्या पातेल्यांची चौकशी

आमच्या सगुणाबाईंना फितूर म्हणणाऱ्या एकेकाला धरून त्यांच्या चुलीपुढं बसवावं आणि दिवसभर धूर खायला लावावा, असं मला कितीदा वाटतं. सरकारी कागदं आणणारीला, म्हणजे मलाच, तर बाजूलाच बसवावं. पण ते राहू दे. आधी नीट सांगते.

सगुणाबाई माझ्या चुलत सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. नसरापूरहून वेल्ह्याकडं येणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं गाव. सभागृहासमोर त्यांची खानावळ आणि तिला चिकटून माझं झेरॉक्सचं दुकान. बाई तोंडाच्या फटकळ, हाताच्या सढळ. नवरा गेल्यावर एकटीनं खानावळ उभी केली. लग्न असो, जावळ असो, निवडणूक असो, मटणाचा रस्सा करावा तर त्यांनीच. पण एक गोष्ट कधी चुकली नाही. भावकीत कुणी गेलं की पातेली घासून ओट्यावर पालथी. सुतक फिटेस्तोवर चूल पेटायची नाही, दारात मंत्री का येईना.

त्या पालथ्या पातेल्यांनीच घात केला.

मागच्या निवडणुकीला रखमाजी सरपंचपदाला उभे होते. अर्जांची छाननी समोरच्या सभागृहात होती आणि छाननी झाली की त्यांच्या माणसांना जेवण, हे आत्याबाईंकडं ठरलेलं. आमच्याकडं निवडणुकीवर पैजा लागतात. आधी बोकडावर, कोंबड्यांवर चालायचं. आता मोबाईलवर ग्रुप निघालेत, नसरापूरला बसून कुणीतरी भाव फोडतो आणि पोरं पैसे लावतात. सगळ्यांचा पैसा रखमाजींवर होता. फक्त आमच्या गल्लीतला अभिषेक आदल्या संध्याकाळपासून उलटा लावत सुटला होता. लोक त्याला हसत होते.

छाननीच्या सकाळी भोंगवलीहून फोन आला. आत्याबाईंचे लांबचे दीर गेले. बाईंनी मसाला झाकून ठेवला, पातेली पालथी घातली, रखमाजींच्या घरी निरोप धाडला आणि एसटी धरून भोंगवलीला गेल्या. इकडं पोरांनी पातेली बघितली. लगेच ग्रुपवर पडलं, ‘रखमाजीचं जेवण रद्द!’ भाव खाली आला. आणि दोन तासांनी खरंच रखमाजींचा अर्ज बाद झाला. गोठा सरकारी जागेत निघाला होता म्हणे.

झालं! गाव म्हणालं, म्हातारीला आधीच ठाऊक होतं. कचेरीतली माणसं तिच्याकडंच जेवतात, त्यांच्या तोंडातनं ऐकलं आणि अभिषेकला विकलं. अरे, पण अभिषेकनं पैसे आदल्या संध्याकाळी लावले आणि पातेली पालथी पडली दुसऱ्या सकाळी! एवढं साधं कुणाच्या टाळक्यात शिरेना. वर काय, तर चौथ्या दिवशी खानावळ उघडली मग कसलं सुतक? लांबच्या भावकीला आमच्यात तीनच दिवस धरतात, बाबांनो. तुमच्या घरीही तेच धरतात. पण ऐकतंय कोण!

रखमाजींनी खानावळीची पायरी सोडली. त्यांच्या मागं सगळा वाडीतला गोतावळा गेला. कचेरीतली माणसं नको ती भानगड म्हणून डबा आणायला लागली. रखमाजींच्या लेकीच्या लग्नाला आचारी आला तो नसरापूरहून. त्या दिवशी आत्याबाई दार लावून आत बसल्या होत्या आणि मंडपातल्या रश्श्याचा वास आमच्या दोघींच्या घरात येत होता.

तक्रारी झाल्या तशी वरून चौकशी लागली. एक साहेब आले, जबाब घेतले, अभिषेकचा मोबाईल बघितला. जाताना त्यांनी माझ्यासमोर आत्याबाईंना सांगितलं, “आजी, तुमचा काही संबंध नाही. बातमी आतूनच फुटली. मी अहवालात तसं लिहितोय.”

बाई हरखल्या. “आता त्यो अहवाल फळ्यावर लावतील, न्हाई का गं नूतन? समद्या गावाला वाचू दे.”

फळ्यावर काय लागलं, तर जंतनाशक गोळ्यांची सूचना. साहेबांची बदली झाली आणि अहवाल कुठल्या कपाटात गेला ते देवाला ठाऊक.

मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. मीच लिहिला, कारण दुसऱ्यांचे अर्ज लिहून देऊनच माझं दुकान चालतं. उत्तर आलं, चौकशी चालू असल्याने माहिती देता येत नाही. अहो, चौकशी करणारा माणूस जाऊन वर्ष होत आलं, चालू कसली? अपील केलं. उत्तर आलं, माहिती गोपनीय आहे. मी चिडून अर्ज फाडायला निघाले तर आत्याबाई म्हणाल्या, “फाडू नगं. म्या कुणाचं गुपित मागत न्हाई. माझ्याबद्दल काय लिवलंय तेवढं द्या म्हणावं.” पुन्हा अपील. सुनावणीला पुण्याला गेलो. तिथं आत्याबाई हात जोडून एकच वाक्य बोलल्या, ते असं, “साहेब, माझं नाव पुसलंय, ते मला परत पायजे.” तेव्हा कुठं हुकूम निघाला.

अहवाल आला. लखोटा फोडला आणि मी कपाळावर हात मारला. त्रयस्थ व्यक्तींची माहिती म्हणून सगळी नावं काळी केलेली! एका ओळीत होतं, काळी पट्टी यांनी काळी पट्टी यास अर्ज बाद होणार असल्याचे आगाऊ कळवले. आणि खाली होतं, काळी पट्टी यांचा या प्रकरणाशी कोणताही संबंध आढळून येत नाही.

“ही खालची पट्टी म्हंजी मी,” आत्याबाई बोट ठेवून म्हणाल्या. कागदावरनं बोट काही केल्या उचलेनात.

ग्रामसभेत त्यांनी मला तो उभं राहून वाचायला लावला. वाचून झाल्यावर मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात रखमाजी उठले. आवाज चढवला नाही, शांतपणे विचारलं, “वैनी, तुमी खालच्या पट्टीत हाय का वरच्या?”

काय हशा पिकला! मी ओरडत राहिले, पण माझं कोण ऐकतंय. आत्याबाईंनी कागदाची घडी घातली आणि घरी आल्या.

मी पुन्हा अर्ज केला. खालच्या पट्टीखालचं नाव तेवढं उघड करा, अर्जदार स्वतःचंच नाव मागतेय. त्याला काय उत्तर यावं? ‘सदर व्यक्ती आपणच असल्याचा पुरावा जोडावा.’ आता पुरावा त्या पट्टीखाली, आणि पुराव्याशिवाय पट्टी निघायची नाही! अशा वेळी माणसानं काय करावं, तुम्हीच सांगा. मी तर त्या दिवशी दुकान बंद करून घरी जाऊन झोपले.

यंदा आमच्याकडं पोटनिवडणूक लागली. छाननी पुन्हा समोरच. सकाळी दुकान उघडलं तर सभागृहाच्या कट्ट्यावर अभिषेक आणि पोरं मोबाईल घेऊन बसलेली, डोळे सगळे खानावळीच्या ओट्याकडं. पातेली पालथी पडली की अर्ज बाद, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात आत आत्याबाईंचा फोन वाजला. भोरला दिलेली त्यांची सख्खी धाकटी बहीण, अंबूबाई, पहाटे गेली होती.

मी धावत आत गेले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी म्हटलं, “आत्याबाई, चला, मी येते भोरला.” आणि सवयीनं मोठं पातेलं पालथं घालायला उचललं.

“ठेव त्ये,” त्या म्हणाल्या.

उठल्या. पातेलं सरळ केलं, चुलीवर चढवलं, दोन कळशा पाणी ओतलं आणि काडी लावली. जिनं लांबच्या दिरासाठी चूल विझवली, तिनं सख्ख्या बहिणीच्या दिवशी नुसत्या पाण्याखाली जाळ घातला. मी रडायला लागले. “अवो, आज तरी...”

“आज तर मुळीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “जाळ विझू देऊ नगंस. पाणी आटलं तर वत. म्या जाऊन येते.”

डोक्यावर पदर घेऊन त्या एकट्याच एसटीच्या थांब्याकडं निघाल्या. चुलीचा धूर दारातून बाहेर गेला तसा कट्ट्यावरनं अभिषेकचा आवाज आला, तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “पातेलं चढलंय. अर्ज राहतोय. लाव.”