फाईलमधली जयमालाची ओळ

सत्त्याण्णव साली आमच्या कॉलेजात दोन माणसांवाचून काम अडायचं. वर्कशॉपच्या स्टोअरला मी, कानिफनाथ, आणि कॉम्प्युटर लॅबला जयमाला गांगुर्डे. माझं नाव हजेरीपटावर होतं, तिचं नव्हतं. डिप्लोमा झालेली ही मुलगी कोल्हारहून एसटीने यायची आणि तीन वर्षं रोजंदारीवर होती. "पुढच्या वर्षी कायम करू," असं विभागप्रमुख साहेब तिला दर जूनला सांगायचे आणि ती ते हसत हसत माझ्या कानावर घालायची. मला काही हसू यायचं नाही. असल्या गाजरांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

लॅबमध्ये वीस मशिनी होत्या. मुलांचं सगळं काम मात्र एकाच सर्व्हरवर, आणि तो पलीकडच्या इमारतीत. वीज दिवसातून चारदा जायची. परत आली की वीसही मशिनी चालू होता होताच सर्व्हरवरच्या डिस्क जोडून घ्यायला बघायच्या, आणि सर्व्हर अजून उठलेला नसला की तिथंच खोळंबून बसायच्या. मुलं व्हरांड्यात ताटकळायची. वीज जणू जयमालानेच घालवली, असं साहेब तिच्यावर डाफरायचे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल घेऊन बसली. महिना दीड महिना पंख्याखाली वाचायची, वहीत उतरवायची, करून बघायची, बिघडवायची, परत करायची. जमलं तेव्हा पहिल्यांदा मला सांगायला आली.

"कानिफभाऊ, तुमच्या स्टोअरसारखं केलंय. तुम्ही सकाळी सगळी हत्यारं टेबलावर मांडून ठेवता का?"

"येडा हाय का मी? पोरानं चिठ्ठी आणली की देतो."

"आणि काम झालं की?"

"परत कपाटात."

"तेच. मशीन चालू होताना काहीच जोडायचं नाही. कुणी नाव टाकून आपली डिरेक्टरी, आपल्या कामाचा कप्पा, मागितली, की तेवढीच जोडायची. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही, की सोडून द्यायची."

त्यासाठी तिने एक फाईल केली होती. एका ओळीत एक नाव आणि त्या नावाची सर्व्हरवरची जागा. एकशे चाळीस मुलांच्या एकशे चाळीस ओळी, आणि सगळ्यात खाली तिची स्वतःची. त्यानंतर वीज कितीही गेली-आली तरी मशिनी खोळंबल्या नाहीत. फक्त वरवर बघणाऱ्याला सगळ्या मुलांची मिळून असलेली मोठी डिरेक्टरी रिकामी दिसायची. नाव टाकल्याशिवाय आतलं कुणाचंच काही दिसत नसे. मुलं चार दिवसांत सरावली. साहेबांनी कधी ढुंकून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत मान्यतेसाठी समिती यायची होती. लॅबला डिग्रीवाला इन-चार्ज लागतो, तो आमच्याकडे नव्हता. मग अशा वेळी करतात तेच केलं, एका दिवसापुरता माणूस उसना आणला. सुनील त्यांचं नाव, नगरच्या कुठल्याशा कॉलेजातले. क्लार्क रजेवर होता म्हणून स्टाफची यादी मीच टाईप केली. तिच्यात सुनील होते, जयमाला नव्हती.

आदल्या दिवशी साहेब तिला म्हणाले, "उद्या तू कॅन्टीनमध्ये बस. लॅबमध्ये तुझं नाव कुठंही दिसता कामा नये. समिती गेली की तुझी कायम नेमणुकीची ऑर्डर काढतो." तिने फाईल उघडली आणि खालची आपली ओळ काढून टाकली.

समितीतले एक वयस्क प्राध्यापक लॅबमध्ये आले आणि थेट मशीनवर बसले. मुलांची डिरेक्टरी उघडली. रिकामी.

"एकशे चाळीस विद्यार्थ्यांचं काम कुठंय?"

सुनीलना घाम फुटला. साहेबांना वाटलं, सगळं पुसलं गेलं. त्यांनी दारात उभ्या असलेल्या मला डोळ्यांनी खूण केली आणि मी कॅन्टीनकडे सुटलो.

जयमाला चहा पीत होती. सगळं सांगितल्यावर तिने कप खाली ठेवला.

"मी आले तर ऑर्डर जाईल ना, भाऊ?"

खोटं बोलायची इच्छा झाली होती. "जाईल बहुतेक," मी म्हणालो.

तिने चहाचे पैसे टेबलावर ठेवले. "पोरांचं वर्ष आहे त्यात," म्हणाली आणि उठली.

लॅबमध्ये येऊन तिने प्राध्यापकांना एवढंच सांगितलं, "सर, कुणाचंही नाव टाका." त्यांनी हजेरीच्या यादीतून एक नाव टाकलं. त्या मुलाचं सगळं काम समोर आलं. दुसरं टाकलं, तेही आलं. सहा-सात नावं टाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुणी बसवलं?"

"आमच्या सुनील सरांनी," साहेब म्हणाले.

"आणि या कोण?"

"मदतनीस आहेत. आजच आल्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण यादी मीच टाईप केलेली, मी कुठल्या तोंडाने बोलणार? त्या दिवशी वाटली तेवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

प्राध्यापकांनी तिला तिचं नाव विचारलं आणि ते टाकलं. मशीनने नाही म्हणून सांगितलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"थांबा सर," जयमाला म्हणाली. शेजारच्या मशीनवर बसून तिने फाईल उघडली, खाली आपली ओळ लिहिली. "आता टाका."

टाकल्याबरोबर सगळं आलं. मे महिन्यापासूनच्या तिच्या नोंदी, कधी काय केलं, कुठं चुकलं, तारखांसकट.

"ओळ काल काढली होती, सर. सामान जागेवरच होतं."

प्राध्यापक बराच वेळ वाचत राहिले. अहवालात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. साहेबांनी मात्र संध्याकाळीच तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

अकरा दिवसांनी प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली. बाहेरच्या कॉलेजची तीस मुलं आमच्या लॅबला बसणार होती आणि त्यांची नावं त्या फाईलमध्ये कुणाला चढवता येईनात. सुनील फोनवर येईनात. साहेबांनी मला कोल्हारला पिटाळलं.

तिचे वडील उत्तमराव ओट्यावर होते. "जय भीम, बसा," म्हणाले. जयमाला बाहेर आली.

"ऑर्डर आणली?"

"न्हाई."

"मग चहा घ्या आणि जा, भाऊ."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा तोंडी शब्द घेऊन गेलो. चहाच मिळाला. तिसऱ्या दिवशी ऑर्डर घेऊन गेलो, मीच टाईप केलेली, खाली प्राचार्यांची सही. तिने दोनदा वाचली.

"आणि हजेरीपट?"

हे ती विचारणार, हे मी ओळखून होतो. ऑफिसातून कुणाला न सांगता तो पिशवीत घालूनच नेला होता. पान उघडून दाखवलं. सगळ्यात खालच्या ओळीत तिचं नाव होतं.

तिने माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात सही केली.

"मागच्या तीन वर्षांच्या राहिल्या," म्हणाली आणि चपला घालायला लागली.