दोन पांढरे

माझी जुनी सेडान ज्या बाईंकडून घेतली त्यांचं नाव आठवत नाही. त्यांचा पदर आठवतो.

म्हैसुरात मेटगळ्ळीजवळ त्यांचं घर. सत्तरीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच कापड रंगवणारं. रंगाच्या कढया केव्हाच गेल्या. मराठी मात्र घरात राहिली होती, कानडीत चांगली भिजून.

गाडीला त्यांनी आधी हातच लावू दिला नाही. "उन्हात नको. स्वल्प सावली येऊ दे. कॉफी घ्या."

घराची सावली गाडीवर आल्यावर मी इंजिन ऐकलं, टायर पाहिले, एक फेरी मारून आलो. सगळं मनासारखं होतं. "घेतो" म्हणणार, तोच त्या उठल्या. पदराचं टोक चिमटीत धरून त्यांनी मागच्या दारावर टेकवलं, मग पुढच्या.

"नोडी, बघा. दिसलं?"

मला काहीच दिसलं नाही. त्यांनी पुन्हा पदर टेकवला, आणि मग दिसलं. इतका वेळ एकाच रंगाच्या दिसणाऱ्या त्या गाडीत दोन पांढरे होते. एक दुधाळ, दुसरा किंचित निळसर.

"मागचं दार ठोकलेलं. पुन्हा रंगवलंय. हे दाखवलं की गिऱ्हाईक परत जातंय."

"मग दाखवता कशाला? मला तर कळलंच नसतं."

पदर खांद्यावर सारखा करत त्या म्हणाल्या, "मला कळतंय की."