चंद्राच्या पांघरुणाचं कात्रण

तिला काडी म्हणणारा जगात एकटाच माणूस, तिचा दादा. लहानपणी अंगानं खरंच काडी होती, फुंकर मारली तर उडेल अशी. पुढं ती शिवणकाम शिकली, आधी छत्र्यांच्या कारखान्यात लागली, मग तंबूंच्या, आणि तिथून एकदम चंद्रावर जाणारी यानं जिथं बांधतात त्या संस्थेच्या शिवणखोलीत. तेव्हा दादानं गल्लीभर सांगितलं होतं, "आमची काडी चंद्राची शिंपीण झाली बरं का!" आणि वर तिलाच विचारलं, "माप घ्यायला वर जावं लागणार का गं?"

शिवणखोलीत शिरायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, केस टोपीत, तोंडावर फडकं. मधोमध लांबलचक टेबल आणि त्यावर सोनेरी पन्नी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तिचे वीस पदर एकावर एक, मध्ये मच्छरदाणीसारखी विरविरीत जाळी, आणि मग कडेनं टाके. चंद्रावरची एक रात्र आपल्या चौदा दिवसांची. तेवढ्या थंडीत यान गारठून मरू नये म्हणून हे पांघरूण. शेजारणी विचारायच्या, "काय गं, चंद्राचा स्वेटर कुठवर आला?" ती म्हणायची, "एक बाही राहिलीय."

त्या खोलीचे नियम मात्र थट्टेचे नव्हते. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, आणि सापडलेले तुकडे चिकटपट्टीवर लावून वर पाठवायचे. न जाणो, एखादा यानाच्या पोटात गेला तर! कात्रणांचंही तसंच. सकाळी पन्नी तोलून मिळायची, संध्याकाळी शिवलेलं आणि कापलेलं दोन्ही तोलून परत. कात्रण मग भुगा करायच्या यंत्रात. तराजूवर बसणारा वजनवाला मोठा खोडकर. "बाई, आज चिमणीच्या पिसाएवढं कमी भरतंय. खाल्लंत काय?" असं म्हणून तो रोज तिचा जीव टांगणीला लावायचा आणि मग हसायचा.

दादा सरकारी इस्पितळात मशीनवाला. बंद पडलेल्या यंत्राच्या पोटातलं काढायचं आणि धुगधुगी असलेल्याच्या पोटात घालायचं, ही त्याची तीस वर्षांची नोकरी. रविवारी तो बहिणीकडे जेवायला यायचा आणि पहिल्या घासापासून वाद सुरू.

"तुमच्या एका उड्डाणात आमच्यासारखी पन्नास इस्पितळं उभी राहतील."

"आम्ही नाही उडवलं, तर ते पैसे तुझ्याकडे येतात का?" ती विचारायची. "तू ये सांगायला. मी मशीन बंद करून घरी बसते."

यावर दादा नेहमी हसायचा. एका रविवारी मात्र तो हसला नाही. घास हातातच ठेवून म्हणाला, "नाही येत. ते मलाही कळतं. पण पूर्वी पेशंटच्या नातेवाइकांना सांगता यायचं, बाबांनो, देशाकडे पैसाच नाही. आता ते सांगायला जीभ उचलत नाही गं. आहे की! वर चाललंय ते दिसतं त्यांना."

तिनं त्याच्या ताटात भात वाढला.

त्याच दिवशी त्यानं तिच्याकडं एक मागणं मांडलं. त्याच्या इस्पितळात दिवस भरण्याआधी जन्मलेली पोरं मोठ्या इस्पितळात न्यावी लागत. गाडीचा रस्ता पाऊण तासाचा. पोर काचेच्या पेटीत, पेटीला बॅटरीची ऊब. पण बॅटरी जुनी, काचही गार पडते. बाजारातली पन्नी लावून पाहिली, दोन फेऱ्यांत चिंध्या झाल्या. "तुमची कात्रणं तशीही भुग्यातच जातात ना? पेटीला मापात बसेल असं एक झाकण शिवून दे. फार नको. दोन हात लांब, दीड हात रुंद."

"दादा, तोलून द्यावी लागतात रे."

"मग तोलून माग."

तिनं रीतसर अर्ज केला. आयुष्यात न विचारता तिनं दुसऱ्याचा दोराही घेतला नव्हता. अर्ज साठा सांभाळणाऱ्यांकडं गेला, तिथून सुरक्षेकडं, तिथून कायद्याच्या माणसाकडं, आणि पन्नीचं गुपित बाहेर जाईल का या प्रश्नावर चार महिने बसून राहिला. दादा दर रविवारी विचारायचा, "पोचला का चंद्रावर तुझा अर्ज?"

आणि मग तिच्या हातून ती चूक झाली. बावीस वर्षांत पहिली. पन्नीची एक बाजू चकचकीत, एक मंद. नमुना मांडताना चकचकीत बाजू खाली राहिली, आणि यानाच्या उजव्या कुशीचं पान, म्हणजे पांघरुणाचा तेवढा अखंड तुकडा, डाव्या कुशीचं होऊन कापलं गेलं. वीसच्या वीस पदर. शिवणखोलीच्या मुख्य मॅडमनं कपाळाला हात लावला, पण ओरडली नाही. "होतं कधीकधी. नवीन काप. हे बाद."

बाद झालेलं पान टेबलावर पसरलं होतं. कुठं सुरकुती नाही, कुठं टाका नाही. तिनं नुसतं नजरेनं मोजलं. दोन हात लांब. दीड हात रुंद.

वजनवाला म्हणाला, "बाई, कशात हरवलात? द्या इकडं."

मॅडमला एक शब्द विचारता आला असता. महिनाभर कपाटात ठेवा, अर्ज वर आहे, एवढंच. पण आत्ताच चूक केलेली. वर आणखी कुठल्या तोंडानं मागायचं? तिनं पान तराजूवर ठेवलं, काटा पाहिला, आणि स्वतःच्या हातानं यंत्रात सोडलं. पलीकडून सोनेरी कोंडा पडला.

त्यानंतर आठव्या दिवशी दादाच्या लेकीला अचानक कळा सुरू झाल्या. भाचीला सातवा सरून आठवा नुकता लागला होता. दादाच्याच इस्पितळात मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. पेटीत घालून गाडी निघाली. पेटीवर दादानं स्वतःचा स्वेटर आणि इस्पितळाच्या दोन चादरी गुंडाळल्या होत्या, आणि तो रस्ताभर काचेला तळवे लावून बसला होता. मोठ्या इस्पितळात पोचले तेव्हा पोर थंड पडत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कच्ची होती, गारठ्याचंच कारण असं नाही सांगता येत. तसंही अवघडच होतं. खरंही असेल. दादानं बहिणीला बोल लावला नाही. उलट तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काडे, तू रडू नको. तू अर्ज केला होतास."

इथं तिनं गप्प राहायला हवं होतं. पण ते श्रेय तिला घेववेना. तिनं त्याला बाद पानाचं सगळं सांगितलं. माप सांगितलं. यंत्र सांगितलं.

दादानं खांद्यावरचा हात काढून घेतला. म्हणाला, "दोन हात?"

"हो."

"दीड हात रुंद?"

त्यानंतर तो रविवारी आला नाही. पुढच्याही नाही.

यान उडालं, महिन्यानं उतरलं. सगळा देश रस्त्यावर आला. तिच्या गल्लीत लोकांनी तिला खुर्चीवर बसवून फोटो काढले. मग तिथं रात्र पडली, यान झोपलं, आणि संस्थेत सगळ्यांनी श्वास रोखून धरले. याआधीचं यान असंच झोपलं होतं, ते उठलंच नव्हतं. चौदा दिवस ती घरी दारंखिडक्या लावून पांघरूण घेऊन पडायची आणि तरी तिच्या हातापायांची ऊब जायची. पंधराव्या दिवशी सकाळी शिवणखोलीच्या भिंतीवरचा कर्णा खरखरला. यानानं हाक दिली होती. ऊब टिकली होती.

वजनवाला तराजू सोडून धावत आला. "बाई! तुमचं लेकरू उठलं हो!"

बिचाऱ्याला काय ठाऊक. ती हसली. मग हात धुवायच्या खोलीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि नळाच्या आवाजात मनसोक्त रडली. त्या यानाचा तिला राग आला नाही, हेच तिला सोसवेना. ते जगल्याचा तिला आनंद झाला होता, खराखुरा.

अर्ज मंजूर होऊन आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. चारशे ग्रॅमपर्यंत कात्रण, वैद्यकीय कामासाठी.

आता मोठा तुकडा कुठला असायला! पट्ट्या, कोपरे, त्रिकोण. तिनं घरच्या टेबलावर चव्वेचाळीस तुकडे जोडले. तिच्या धंद्यातली गोष्ट अशी की जिथं टाका पडतो तिथून ऊब गळते. म्हणून अखंड पान ते अखंड पान. तिनं प्रत्येक शिवणीवर वरून पट्टी लावली, आतून पातळ फोम लावला, आणि झाकण घडी घालून पिशवीत घेतलं.

इस्पितळाच्या मागल्या बाजूला दादाची खोली. चष्मा कपाळावर, पुढ्यात कसलंसं यंत्र उघडं पडलेलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. ती म्हणाली, "मंजूर झालं."

त्यानं झाकण घेतलं. उलटसुलट पाहिलं. शिवणी अंगठ्यानं चाचपल्या. मग कोपऱ्यातली पेटी ओढली, बाटल्यांत कोमट पाणी भरून आत ठेवल्या, थर्मामीटर लावलं, बॅटरी काढून टाकली आणि वरून झाकण घातलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून स्टुलावर बसला. पाऊण तास.

ती दुसऱ्या स्टुलावर बसली. बाहेर व्हरांड्यात ट्रॉली जात होत्या, कुणी कुणाला दूध आणायला पाठवत होतं. दादा स्क्रू डबीत घालत होता, पुन्हा काढत होता. तिला विचारायचं होतं, भाची कशी आहे, जेवते का, झोपते का. तिनं पिशवीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

वेळ झाल्यावर त्यानं चष्मा खाली ओढून काटा वाचला.

"एक डिग्री उतरली. आधी पाच उतरायची." मग थोडं थांबून, "दुसऱ्या गाडीलाही लागेल एक."

"शिवते," ती म्हणाली, आणि थांबली. दादा नेहमी म्हणायचा तो 'काडे' हा शब्द ऐकायला थांबली. तो आला नाही. दादानं मान खाली घातली होती.

ती उठली. दारातून वळून पाहिलं तर त्यानं पेटीतल्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या होत्या आणि झाकणाखालून आपला हात आत घातला होता, बाळाचं डोकं असतं तिथं. काटा वाचून झाला होता, काम संपलं होतं. तरी तो हात बाहेर काढत नव्हता.