केसरबाईंचा पाट

इंजिनीयरिंग कॉलेजातले जयसिंग सर तापट, पण पोरांकडून दरवर्षी कुणाच्या तरी उपयोगाची वस्तू करून घ्यायचे. बहात्तर साली चिंचवडला, एका कंपनीच्या गेटबाहेर भाकरी विकणाऱ्या केसरबाईंना उभ्यानं भाकऱ्या थापता याव्यात म्हणून पोरांनी उंच टेबल केलं. बाईंनी त्यावर हंडा ठेवला आणि त्या खालीच बसून भाकऱ्या थापू लागल्या.

पोरं हिरमुसली. सर खेकसले, "नुसते लांबून काय बघता? शेजारी बसून पीठ मळा."

पोरं बसली, तेव्हा कुठे बाई खालीच का बसतात ते कळलं. केसरबाईंची आंधळी सासू सुनेच्या पाठीला पाठ लावून दिवसभर गप्पा मारत बसायची.

पोरांनी टेबलाचे पाय कापून दोघींना पुरेल असा रुंद पाट केला.

"म्हातारीला टेकायला काहीच नाही केलंत?" सरांनी विचारलं.

"आहे की, सर," पोरांतला मालोजी म्हणाला. "केसरबाई आहेत."