कोऱ्या राहिलेल्या खाचा

सकाळी जावईबापू गेट रंगवत होते. त्या ऑइलपेंटच्या वासानं फोल्डिंगची खुर्ची आठवली. बायको आजारी, तिला पाठ टेकल्याशिवाय बसवत नसे. म्हणून मी खुर्चीला खाचांची लोखंडी पट्टी जोडली. दांडी पुढच्या खाचेत सरकवली की खुर्चीची पाठ हवी तेवढी मागे कलायची. हिरवा रंग वाळला आणि हेच जावईबापू चिखलीहून मुलीला पाहायला आले, घरच्यांना घेऊन.

"मांगं करू का थोडी?" मी खुर्चीत बसलेल्या बायकोला हळूच विचारलं.

"नका करू. माय बिमार दिसली तं पोरीले नाही म्हनतीन."

चहापोहे होईपर्यंत ती पहिल्या खाचेवर ताठ बसली, हसत. मी आपला माझ्या खुर्चीच्या कामावरच खूश.

लग्न ठरलं. ती मात्र त्या दिवशी पाहुणे गेल्यावर खाटेवर पडली, ती उठलीच नाही.

खुर्ची अजून आहे. रंग फक्त पहिल्या खाचेतला उडालाय.