आईच्या चादरी आणि दादाची चौथी डिस्क

आमचा दादा दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी आला की डिस्का सांभाळत बसतो. चादरींच्या कपाटात त्याने जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर बसवलाय, लिनक्सवर चालणारा. तीन डिस्कांवरचं सगळं एकाच फोल्डरात दिसतं. चौथी, सगळ्यात मोठी, पॅरिटीची. तिच्यात एकही फोटो नाही. "म्हणजे थोरली नुसती बसून खाते!" असं मी चिडवायचे.

"अगं शहाणे, असं समज, तिघींच्या वजनाची बेरीज तिच्याकडे असते. एक हरवली, तर उरलेल्या दोघींवरून त्या हरवलेलीचं वजन काढता येतं."

दर रविवारी काय नवं आलं, काय पुसलं गेलं ते स्वतः बघूनच तो सिंक करायचा, म्हणजे ती बेरीज ताजी करायचा. मला ती नसती उठाठेव वाटायची.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज कायमचा जाणार, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दादा मोबाइल घेऊन तिच्या मागे मागे फिरला. गाणी, हाका, शिव्या, सगळं रेकॉर्ड करून सर्व्हरवर टाकलं आणि रविवारची वाट न बघता सिंक केलं.

आई घरी आली. सर्व्हरच्या डब्यावर धूळ बसते म्हणून तिने एक दिवस त्याला मायेने जाड चादर गुंडाळली. झालं! आतले पंखे गुदमरले, एक डिस्क तापून मेली. नेमकी तिच्या आवाजाची. मोबाइल भरला म्हणून तिथलं केव्हाच पुसलेलं.

आईला कळलं तेव्हा तिने तोंड झाकून घेतलं. रडण्याचाही आवाज नाही हो! माझं तर काळीज तुटलं. दादाने नवी डिस्क लावली आणि आम्हाला तंबी दिली, "उरलेल्या डिस्कांवरचं काही पुसाल तर खबरदार, बेरीज चुकेल." मग कपाटासमोर खुर्ची टाकून बसला. बेरजेवरून हरवलेलं परत काढायचं ते काम संपेपर्यंत आई धड जेवली नाही.

शेवटी त्याने आम्हाला हाक मारली, स्पीकर लावला.

"अरे मेल्या, हे डबडं हलव इथून! माझ्या चादरी काय डोक्यावर ठेवू?"

आईच! अगदी ठसक्यासकट. मी हसले की रडले, देव जाणे. दादा, तुझे उपकार कसे फेडू रे! आणि त्या थोरलीचेही.

आई मात्र उठली. एकेक करत सगळ्या चादरी बाहेर काढल्या, डबड्याभोवतीचा कप्पा मोकळा केला. मग दादाचा हात धरून तिने बोटाने खूण केली: पुन्हा लाव.